मायची किडनी आणि लेकराच्या पांढऱ्या पेशी

आज सकाळी गोंडपिपरीत उतरल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो होतो. तिथं एका गृहस्थांनी आजचा विषय विचारला. दुसऱ्याचा अवयव शरीर का नाकारतं, यावर बोलणार आहोत असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मायनं देल्ली किडनी. रगत तिचंच, हाडमांस तिचंच. मंग पोराच्या आंगानं तिले परकं काहून समजावं जी?"

प्रश्न साधा वाटतो, पण विज्ञानाला त्याचं धड उत्तर मिळायला विसाव्या शतकाची पहिली सत्तर वर्षं लागली. आज आपण त्या शोधाचा इतिहास पाहणार आहोत. सगळा नाही, तेवढा वेळही नाही. शरीरात परकं ओळखण्याचं आणि ते मारण्याचं काम कोण करतं, हे कसं कळलं, तेवढंच पाहू.

सुरुवात पुण्यापासून करू. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस १७९२ साली पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या कुंभार जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीकत चित्रासह छापून आली. आधी मेणाचं नाक करायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्याभोवती रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. मात्र दोन डोळ्यांच्या मधला पट्टा तोडायचा नाही, म्हणजे रक्त चालू राहतं. जखमेला त्यानं काय लावलं? कात. पाण्यात भिजवलेला कात. आपल्या चंद्रपूरच्या जंगलात खैर उभे आहेत, त्यामुळे कात काय असतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो मधला पट्टा कापला, आणि नाक टिकलं.

इंग्रज डॉक्टर त्या माणसाच्या हातावर थक्क झाले, ते योग्यच होतं. पण आपल्या विषयासाठी वेगळी गोष्ट महत्त्वाची आहे. कातडी कावसजीची स्वतःची होती. शेजाऱ्याच्या कपाळाची असती, तर तोच कारागीर, तोच कात, तीच काळजी घेऊनही दोनतीन आठवड्यांत नाक काळं पडून गळालं असतं. इटलीत तालियाकोत्झी नावाच्या शल्यवैद्यानं १५९७ च्या आपल्या ग्रंथात दुसऱ्याची कातडी वापरू नये असं म्हटलं होतं, कारण प्रत्येक व्यक्तीचं काहीतरी स्वतःचं असतं. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. फ्रान्सच्या अलेक्सी कारेलनं बारीक सुई-दोऱ्यानं रक्तवाहिन्या जोडायची पद्धत बसवली आणि त्यासाठी १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्यानं जनावराची किडनी काढून त्याच जनावराच्या अंगात दुसरीकडे जोडली तर ती काम करी. दुसऱ्या जनावराची जोडली तर काही दिवसांत बंद पडे. टाके दोन्हीकडे सारखेच. म्हणजे दोष हातात नव्हता.

याच सुमारास, न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जेम्स मर्फी नावाचा माणूस कोंबडीच्या अंड्यांवर काम करत होता. अंड्यातल्या वाढत्या पिलावर परक्या प्राण्याच्या गाठीचा तुकडा ठेवला तर तो खुशाल वाढतो, हे त्याला दिसलं. पण त्याच अंड्यात मोठ्या कोंबडीच्या प्लीहेचा किंवा अस्थिमज्जेचा बारीक तुकडा टाकला, की परकी गाठ मरते. तुकड्याभोवती लहान गोल पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. या पेशींना लिम्फोसाइट म्हणतात, मराठीत लसीका पेशी. मर्फीनं सांगितलं की मारेकरी याच आहेत, आणि १९२६ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. पण तो बहुतेकांच्या विस्मरणात गेला. आम्हाला हा प्रसंग नेहमी टोचतो. उत्तर छापून कपाटात पडलेलं होतं, आणि पुढची तीस वर्षं लोक तेच उत्तर शोधत राहिले.

असं का झालं, हे समजून घेतलं पाहिजे. तेव्हा प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातला द्रव, असा समज पक्का होता. घटसर्प, धनुर्वात यांवर घोड्याच्या रक्तद्रवाची लस चालत होती. रक्तगट सापडले होते. द्रवातली प्रतिपिंडं दिसत, मोजता येत, काचेच्या पट्टीवर रक्ताच्या गुठळ्या करून दाखवता येत. आपल्या मुंबईतच १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसं अशी सापडली, की त्यांचा रक्तद्रव ओ गटासकट नेहमीच्या सगळ्या गटांच्या रक्ताच्या गुठळ्या करी. 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि जगभर तो रक्तगट आजही 'बॉम्बे' नावानं ओळखला जातो. फार सुंदर काम. असं ढळढळीत काम द्रवातून होताना दिसत असताना, त्या मुक्या लहान पेशींकडे कोण बघणार? पाठ्यपुस्तकांत लिम्फोसाइटचं नेमकं काम काय, याबद्दल धड काही लिहिलेलंच नसे.

दुसऱ्या महायुद्धात विमानं पेटून भाजलेल्या सैनिकांचा प्रश्न उभा राहिला. शरीराची निम्मी कातडी जळाली तर झाकायला स्वतःची पुरत नाही. म्हणून पीटर मेडावर हा प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगोच्या इस्पितळात गेला आणि टॉमस गिब्सन या शल्यवैद्याबरोबर काम करू लागला. तिथं बावीस वर्षांची एक भाजलेली बाई होती. तिच्या अंगावर त्यांनी तिच्या स्वतःच्या कातडीचे आणि तिच्या भावाच्या कातडीचे बारीक तुकडे लावले. स्वतःचे धरले. भावाचे आधी धरल्यासारखे दिसले, मग सुटले. पंधरा दिवसांच्या अंतरानं भावाच्याच कातडीचे आणखी तुकडे लावले, ते मात्र धरायच्या आतच गेले.

मंडळी, इथं जरा थांबू. दुसऱ्या खेपेला लवकर का गेले? कारण शरीराला आठवण होती. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तशीच ही आठवण. म्हणजे कातडी गळणं हे कुजणं नव्हतं, टाक्यांचा दोषही नव्हता. ती प्रतिकारशक्तीचीच करणी होती. हे १९४३ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यानंतर या विषयाला शास्त्राचं रूप आलं.

पण मेडावरही आधी द्रवातच शोधत राहिला. दोष देण्यासारखं त्यात काही नाही. निकाल लागला १९५४ मध्ये, ॲव्रियन मिचिसनच्या उंदरांवर. हा जे. बी. एस. हाल्डेन यांचा भाचा. हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि भुवनेश्वरला वारले, तेच. मिचिसननं काय केलं? ज्या उंदरानं परकी गाठ एकदा नाकारली होती, त्याचा रक्तद्रव दुसऱ्या, कोऱ्या उंदराला टोचला. काही झालं नाही. मग त्याच उंदराच्या लसीका गाठींतल्या जिवंत पेशी टोचल्या. कोऱ्या उंदरानं परकी गाठ झपाट्यानं नाकारली. आठवण द्रवातून गेली नाही, पेशींतून गेली. मेडावरच्या चमूनं कातडीवर हेच करून पाहिलं आणि तेच उत्तर आलं.

लसीका गाठ म्हणजे आपलं अवधाण. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत गाठ येते ना, तीच. त्या गाठीत या पेशींची भरती आणि तालीम चालते.

पुढचे दोन दुवे थोडक्यात सांगतो. ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्सनं उंदराच्या छातीतल्या लसीकानळीतून या पेशी काढल्या, त्यांना किरणोत्सारी खूण केली, परत सोडल्या, आणि दाखवलं की त्या रक्तातून लसीका गाठींत आणि तिथून पुन्हा रक्तात सारख्या फिरत असतात. बीटचा वनरक्षक जसा रोज तीच वाट तुडवतो, तसं. १९६१ मध्ये लंडनला जाक मिलरनं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस ग्रंथी काढली. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी तोवर बिनकामाची समजत. ते उंदीर मोठे झाल्यावर दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी तर राहोच, घुशीच्या जातभाईची, म्हणजे रॅटची कातडीसुद्धा अंगावर वागवू लागले. थायमसमध्ये तयार होणाऱ्या पेशी म्हणून त्या टी पेशी. आज ज्या 'टी सेल'चं नाव कोविडनंतर घराघरांत पोचलं, त्या याच.

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे येऊ.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खुणा असतात. एचएलए म्हणतात त्यांना. पॅरिसच्या जाँ दोसेनं १९५८ मध्ये त्यातली पहिली ओळखली. त्या ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि बहुधा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. प्रत्येक माणसाकडे असे दोन संच: एक मायकडून, एक बापाकडून. मायकडेही दोन संच आहेत. पण तिनं लेकराला त्यातला एकच दिला. दुसरा तिच्यापाशीच राहिला, तो तिला तिच्या स्वतःच्या माय किंवा बापाकडून आलेला. तिची किडनी मात्र दोन्ही संच अंगावर मिरवते. लेकराच्या टी पेशी पहिला संच ओळखतात आणि गप्प बसतात. दुसरा त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो. म्हणून भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मायनं जे दिलं ते पोराला परकं वाटत नाही. जे तिनं कधी दिलंच नव्हतं, ते परकं वाटतं.

सख्ख्या भावाबहिणींत हिशेब आणखी वेगळा पडतो. दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक, एकही न जुळण्याची चारात एक, आणि उरलेल्या चारात दोन निम्म्या. जुळ्यांची गोष्ट निराळी, पण तेही एका बीजाचे असतील तरच. २३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. आधी एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, ती टिकली, मगच किडनीला हात घातला. रिचर्ड त्यावर आठ वर्षं जगला.

टी पेशी प्रत्यक्षात काय करतात? दात्याच्या किडनीबरोबर त्याच्या काही चुकार पेशीही येतात. डेंड्रायटिक पेशी म्हणतात त्यांना, फांद्या फुटलेल्या असतात. राल्फ स्टाइनमननं १९७३ मध्ये त्या शोधल्या. त्या किडनीतून निघून रुग्णाच्या लसीका गाठींत जातात आणि तिथं आपल्या परक्या खुणा दाखवून सगळ्यांना जागं करतात. एखाद्या साध्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी लाखांत काही मोजक्या असतात, पण परक्या एचएलएवर उठणाऱ्या शंभरात एक ते दहा. म्हणून हा हल्ला इतका मोठा असतो. काही टी पेशी मदतनीस असतात. त्या रसायनं सोडून इतरांना वाढायला लावतात, मोठ्या भक्षक पेशींना बोलावतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींनाही उठवतात. काही मारेकरी असतात. त्या किडनीच्या सूक्ष्म नळ्यांच्या भिंतीत शिरून एकेका पेशीला भोक पाडतात. बाहेरून काय दिसतं? बहुतेकदा काहीच नाही. लघवी थोडी कमी, पायाला किंचित सूज, आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं.

द्रव मात्र पूर्ण निर्दोष नव्हता. आधीपासून रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडं असतील, तर किडनी टेबलावरच मिनिटांत काळी पडते. म्हणून आज दोघांचं रक्त एकमेकांत घालून जुळणी पाहिल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. ही प्रतिपिंडं येतात कुठून? आधीच्या प्रत्यारोपणातून, रक्त चढवण्यातून, आणि बाळंतपणातून. पोटातलं पोर निम्म्या खुणा बापाच्या घेऊन येतं. पोराला माय नऊ महिने सांभाळते, हे स्वतःच एक कोडं आहे आणि मेडावरनं ते १९५३ मध्येच विचारलं होतं. पण अनेकदा बाळंत झालेल्या बायांच्या रक्तात नवऱ्याच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, हे १९५८ मध्ये हॉलंड आणि कॅलिफोर्नियात दिसून आलं. याचा परिणाम असा, की बायको नवऱ्याला किडनी देते तेव्हा सहसा ही अडचण नसते. पण बायकोला लागली, आणि नवरा द्यायला तयार झाला, तरी कधी कधी तिचंच रक्त ती घेऊ देत नाही. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बाया जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. त्याचं कारण हे रक्त नव्हे, ते वेगळं आहे, आणि ते तुम्हाला आम्ही सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात हे सगळं कधी आलं? मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी साठच्या दशकात कुत्र्यांवर हृदयरोपणाचे शंभर प्रयोग केले आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी तिथं माणसावर किडनीरोपणाचा प्रयत्न झाला. बर्नार्डनं केपटाउनला पहिलं हृदय बसवलं ३ डिसेंबर १९६७ ला. अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं बसवलं. रुग्ण काही तासांतच गेला. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब इतका होता, की नव्या हृदयाला तो पेलला नाही. सप्टेंबरात दुसरा प्रयत्न झाला, तोही रुग्ण दिवस उलटायच्या आत गेला. म्हणजे टी पेशींची गाठ पडण्याइतका वेळच त्या हृदयांना मिळाला नाही. सेन यांना अपयशी म्हणणाऱ्यांनी त्या वर्षी जगात काय चाललं होतं ते पाहावं. शंभरच्या आसपास हृदयं बसवली गेली, बहुतेक रुग्ण थोड्या महिन्यांत गेले, काही नकारानं आणि काही नकार दाबण्याच्या औषधांमुळे झालेल्या जंतुसंसर्गानं. बर्नार्डचा पहिला रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियानंच गेला. हात तयार होते. पेशी आवरायची विद्या तयार नव्हती. भारतात किडनीचं यश वेल्लोरला १९७१ मध्ये आलं. पुढचं हृदय बसायला १९९४ उजाडलं. त्याच वर्षी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. तो व्हावा असा ठराव ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी केला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते.

पेशी आवरायची विद्या मिळाली मातीतून. नॉर्वेच्या एका ओसाड पठारावरून १९६९ मध्ये आणलेल्या मातीत एक बुरशी होती. बाझेलच्या सँडोझ कंपनीत तिच्यातून सायक्लोस्पोरिन निघालं. त्याआधीची औषधं वाढणाऱ्या सगळ्याच पेशी मारत, रानातलं तण काढायला अख्खं रान पेटवावं तशी. सायक्लोस्पोरिन टी पेशीचा आतला निरोप अडवतं, म्हणजे ती पेशी जागी होत नाही. १९७८ मध्ये ते माणसांवर वापरलं गेलं, आणि प्रत्यारोपण हा जुगार न राहता उपचार झाला. आज जास्त वापरलं जाणारं टॅक्रोलिमसही जपानच्या मातीतूनच आलं. गंमत अशी, की किडनी वाचवणारी ही दोन्ही औषधं जास्त झाली तर किडनीच खराब करतात. म्हणून रक्तातली मात्रा मोजत राहावं लागतं.

आता हे इथं, गोंडपिपरीत बसून ऐकायचं ते यासाठी, की टी पेशी मेलेल्या नसतात. गोळीनं झोपवलेल्या असतात. टॅक्रोलिमस सहसा बारा-बारा तासांनी घ्यावं लागतं. ऑपरेशन नागपूरला होतं आणि घर प्राणहितेच्या काठी असतं. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो, एसटी बंद होते, गोळ्या संपतात, घरी कोणी म्हणतं, 'आता बरा दिसते, कायले खातं एवढ्या गोळ्या.' चार दिवस, आठ दिवस. त्या आठवणीच्या पेशी तेवढी वाट पाहतच असतात. दुसरी गोष्ट, प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा. इतरांनी प्यावा की नाही ते ते ठरवतील. ज्याच्या अंगात दुसऱ्याची किडनी आहे, त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच पिऊ नये. त्याला प्रतिकारशक्ती वाढवायची नाही, रोखून धरायची आहे.

आणखी एक गोष्ट या भागासाठी. विदर्भात सिकलसेल आहे हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो घराघरांत माहीत आहे. त्या लेकरांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं, म्हणजे परक्या खुणांशी पुन्हा पुन्हा गाठ. सिकलसेल समूळ घालवायचा एक जुना उपाय म्हणजे अस्थिमज्जेचं रोपण. इथं आपली गोष्ट उलटी होते. मज्जेतून दात्याच्या टी पेशीही येतात आणि त्या लेकराच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडतात. पाहुणाच घरमालकाला हाकलतो. म्हणून तिथं निम्मी जुळणी धोक्याची, दोन्ही संच जुळणारा सख्खा भाऊ किंवा बहीण हवी. चारात एक, हा आकडा लक्षात ठेवा.

मग गोळ्यांशिवाय टी पेशींची समजूत काढता येईल का? याचं उत्तर गोठ्यात सापडलं. गाईला जुळी झाली, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुधा वांझ निघते. तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलं असेल. पोटात असतानाच दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. अमेरिकेत रे ओवेननं १९४५ मध्ये दाखवलं, की अशी जुळी जन्मभर एकमेकांच्या रक्तपेशी अंगात वागवतात. पुढे मेडावर आणि बिलिंगहॅमला दिसलं, की ती एकमेकांची कातडीही स्वीकारतात. टी पेशींची तालीम पुरी व्हायच्या आत जे भेटलं, ते आपलं. १९५३ मध्ये त्यांनी उंदरांच्या पोटातल्या पिलांना परक्या पेशी टोचून हे मुद्दाम घडवून आणलं.

माणसात ते जमतं का? बोस्टनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दाते निम्मे जुळणारे, म्हणजे माय आणि लेकरू जुळतात तेवढेच. किडनीबरोबर त्याच दात्याची मज्जाही दिली. काही दिवस दोघांच्या पेशी एका अंगात नांदल्या. पाचपैकी चौघांच्या गोळ्या पुढे बंद करता आल्या. पाचव्याची किडनी सुरुवातीलाच गेली. खर्च, धोका, लागणारी देखरेख पाहता ही गोष्ट अजून नेहमीची झालेली नाही.

टपरीवरचे ते दादा मागच्या रांगेत बसलेले दिसतायत. हात वर आहे त्यांचा. या, आधी तुमचंच घेऊ.